तीन तारखांची पट्टी : युद्ध आणि घर सुटण्याच्या पुस्तकांचं पावसाळी वाचन (प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२४)

काम असं : रत्नागिरीपासून गाडीने तासाभरावरच्या एका वाडीच्या वाचनालयात चार पुस्तकं गटाने वाचायची. विष्णुभट गोडसे वरसईकरांचं ‘माझा प्रवास’, विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’, ॲन फ्रँकची डायरी आणि अमिताव घोष यांची ‘द ग्लास पॅलेस’. दोन आठवणी-रोजनिशीची पुस्तकं, दोन कादंबऱ्या. चारही पुस्तकांत युद्ध आहे, कुटुंब आहे, आणि घरापासून तुटलेली माणसं आहेत. तीन तारखा म्हणजे घडलं कधी, लिहिलं कधी, छापलं कधी. त्या कापडी पट्टीवर मांडत वाचायचं, हे वाटेत सुचलं. असा उपक्रम दुसऱ्या वाचनालयाला करायचा असेल तर आमचा वाया गेलेला वेळ त्यांचा जाऊ नये, म्हणून या नोंदी.

२ जून

प्रती जमवल्या. ‘माझा प्रवास’ तीन, ‘रणांगण’ चार, डायरीचा मराठी अनुवाद चार, ‘ग्लास पॅलेस’ इंग्रजीतून दोन. नावं दिलेले वाचक चौदा. सगळ्यांना एकेक प्रत द्यायची म्हटलं तर खर्च चौपट होतो, म्हणून बैठकीत मोठ्याने वाचायचं आणि प्रती आठवडाभर घरोघर फिरवायच्या असं ठरलं.

क्रम लावताना पहिली चूक झाली. घटना ज्या काळात घडल्या त्या क्रमाने पुस्तकं लावली : १८५७, १८८५, १९३९, १९४२. म्हणजे दुसऱ्याच क्रमांकावर साडेपाचशे पानांची इंग्रजी कादंबरी आली. दोन दिवसांनी क्रम बदलला आणि ‘ग्लास पॅलेस’ शेवटी टाकली. ज्या पुस्तकाला सर्वांत जास्त टिपणं लागतात, ते टिपणं काढण्याची सवय हाताला लागल्यावरच घ्यावं.

९ जून

पहिली बैठक. ‘माझा प्रवास’ सुरू. पेण तालुक्यातल्या वरसईचा भिक्षुक घरचं कर्ज फिटावं म्हणून काकांबरोबर उत्तरेत निघतो. बायजाबाई शिंद्यांच्या मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल ही आशा. महूजवळ पोचतात तोच बंड उसळल्याची बातमी येते. आमच्याकडच्या माणसांना यातलं घर सोडण्याचं कारण समजावून सांगावं लागत नाही. मनिऑर्डरीवर चाललेली घरं इथे प्रत्येक वाडीत होती.

वाचनाचा वेग घड्याळ लावून मोजला. आजच्या मराठीचं पान मोठ्याने वाचायला अडीच मिनिटं लागतात, या पुस्तकाच्या पानाला चार. जुने शब्द अडतात, वाक्यं लांब आहेत, मधेच कुणी विचारतं. तासाभरात साठ पानं होतील असा अंदाज होता, झाली तेरा.

१६ जून

भिंतीवर तक्ता लावला. सहा कार्डशीट एकाला एक जोडून फेव्हिकॉलने भिंतीला चिकटवले, वर महिने आखले, जेल पेनाने ठिकाणं लिहिली. उठून दिसत होता. टिकला नऊ दिवस. पश्चिमेची भिंत, वर कौलं, त्यात पावसाचं झोडपणं. कागद फुगला, कडा सुटल्या, जेल पेनाची शाई पसरली आणि ‘काळपी’चा निळा डाग झाला. टाचण्यांना खाऱ्या हवेचा गंज चढून प्रत्येक टाचणीभोवती तपकिरी वर्तुळ उमटलं. पावसाळ्यात कोकणातल्या भिंतीवर कागद चिकटवू नका, एवढं या नोंदीतून घ्यावं. १६० रुपये आणि दोन संध्याकाळी गेल्या.

२३ जून

हजर सहा. कारण स्वच्छ होतं : लावणी. तरवा (भाताची रोपं) तयार झाला की रविवार असो की सणवार, माणूस शेतात असतो. जूनअखेर ते जुलैमध्य या काळात गटवाचन ठेवणं हीच चूक होती. उपक्रम थांबवला नाही, पण दोन बदल केले. बैठक दुपारी चारवरून रात्री आठला नेली. आणि प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला पाच मिनिटांत ‘मागच्या वेळी कोण कुठे होतं’ एवढंच सांगायचं ठरवलं. कथा नव्हे, फक्त माणूस आणि ठिकाण. न आलेला माणूस त्यावर पुढे वाचू शकतो. पुढच्या बैठकीला नऊ जण आले.

रात्रीच्या बैठकीला वीज जाते, हे धरूनच चालावं. चार्जिंगचे दोन दिवे पुरतात. मेणबत्ती पुस्तकांजवळ नको.

३० जून

नवा तक्ता. कागदाऐवजी मांजरपाट. पाच मीटरची पट्टी, रुंदी दीड हात. भिंतीपासून चार बोटं पुढे, दोन खुंट्यांना सुतळी ताणून तिच्यावर पट्टी टाकली आणि कपड्यांच्या लाकडी चिमट्यांनी कार्डं अडकवली. चिमट्यातली तार पुढे गंजते, पण ती कार्डाला टेकत नाही. लिहायला साधं बॉलपेन किंवा शिसपेन्सिल. दमट हवेत दोन्ही टिकतात.

प्रमाण : एका महिन्याला १२ सेंटीमीटर. तीन वर्षांचे छत्तीस महिने ४३२ सेंटीमीटरमध्ये बसतात, दोन्ही टोकांना मोकळी जागा राहते.

प्रत्येक कार्डावर चारच गोष्टी : कोण, कुठे, बरोबर काय आहे, घरी काय कळलं आहे. तिसरा आणि चौथा रकाना सुरुवातीला नव्हता. तो घातल्यावर वाचन एकदम बदललं. कमावलेली दक्षिणा कमरेला आहे की लुटली गेली, गंगेची कावड खांद्यावर आहे की नाही, वरसईला आईवडिलांना मुलगा जिवंत असल्याचं माहीत आहे की नाही, हे प्रत्येक कार्डावर लिहावं लागतं. आणि चौथ्या रकान्यात ओळीने ‘काही नाही, काही नाही’ पडत जातं. त्या घराची तीन वर्षं त्या कोऱ्या रकान्यात दिसतात. असल्या पुस्तकांत लढाईपेक्षा हा रकाना जास्त सांगतो, असं माझं ठाम मत झालं आहे.

७ जुलै

तिथ्यांनी दीड तास खाल्ला, आणि त्यातूनच कामाचा एक नियम हाती आला.

शके ते इसवी सनाचा हिशेब : चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. पौष दोन्हीकडे पडतो, तिथे सांभाळायचं. विक्रम संवत असेल तर ढोबळमानाने ५७ वजा.

आमची कार्डं मात्र एक महिना पुढेमागे होत राहिली. दोन कारणं निघाली. पहिलं, उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुद्ध पक्षाचं नाव दोन्हीकडे एकच, पण आपला चैत्र वद्य म्हणजे तिकडचा वैशाख कृष्ण. उत्तरेतल्या माणसाने सांगितलेली वद्य तिथी आणि कोकणातल्या माणसाच्या हिशेबातली वद्य तिथी एकाच नावाच्या महिन्याची नसते. दुसरं, अधिक महिना. झाशी शहरात इंग्रज फौज शिरली ३ एप्रिल १८५८ ला, तेव्हा आपला चैत्र वद्य चालू होता. राणी लक्ष्मीबाईंची पुण्यतिथी ज्येष्ठ शुद्ध सप्तमी. बोटांवर मोजलं तर मधे दीड महिना. प्रत्यक्षात ग्वाल्हेरची ती लढाई १७-१८ जूनची, म्हणजे अडीच महिने. शके १७८० मध्ये मधे एक अधिक महिना धरल्याशिवाय हिशेब जुळत नाही.

उपाय : ज्यांच्या इंग्रजी तारखा पक्क्या आहेत अशा मोजक्या घटनांची कार्डं आधी पट्टीवर लावायची, मग लेखकाच्या तिथ्या त्यांच्या मधे बसवायच्या. आम्ही उलट केलं होतं.

१४ जुलै

इथे या प्रकल्पाचा खरा सांधा सापडला. ‘माझा प्रवास’च्या तीन प्रतींपैकी दोन एका आवृत्तीच्या, एक दुसऱ्या. मोठ्याने वाचताना तिसरी प्रतवाली वाचक दर पानाला थांबवू लागली : ‘माझ्यात असं नाही.’ सुरुवातीला वाटलं छापण्यातली चूक असेल.

चूक नव्हती. लेखकाने हे लिहिलं १८८३ च्या सुमारास, म्हणजे घटनांनंतर पंचवीस वर्षांनी. सरकारची भीती असल्यामुळे हयातीत छापू नये अशी त्याची इच्छा होती. चिंतामण विनायक वैद्यांनी ते १९०७ मध्ये प्रसिद्ध केलं, तेव्हा मजकुरात बदल केले. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी संपादित केलेली आवृत्ती आली १९६६ ला. म्हणजे झाशीच्या वेढ्यातला तरुण, आठवण लिहायला बसलेला प्रौढ, आणि इंग्रजी राज्यात पुस्तक छापणारा संपादक अशी तीन माणसं एकाच पानावर होती आणि आम्ही त्यांना एक समजून कार्डं भरत होतो.

म्हणून दुसरी पट्टी. तीही पाच मीटर, पण प्रमाण वेगळं : एका वर्षाला ४ सेंटीमीटर. १८५७ ते १९६६ ही १०९ वर्षं ४३६ सेंटीमीटरमध्ये बसतात. दोन पट्ट्या एकाखाली एक. लोकरीचे तीन रंग : तांबडा म्हणजे घडलं, निळा म्हणजे लिहिलं, पिवळा म्हणजे छापलं. वरच्या पट्टीवरच्या कार्डाला तांबडा धागा, तो खालच्या पट्टीवरच्या निळ्याला बांधायचा, निळा पिवळ्याला. धागा लांब असेल तिथे आवाज बदलून वाचायचं नाही, फक्त हळू वाचायचं. लांब धागा म्हणजे आठवणीला मुरायला मिळालेला वेळ. झाशीच्या लुटीची पानं आणि काळपीच्या वाटेवर विहिरीशी राणी भेटल्याचं प्रसिद्ध पान, दोन्ही या धाग्यावर आहेत. पंचवीस वर्षांनंतरही विहिरीवरच्या पाण्याचा तपशील एवढा ठसठशीत का राहिला, यावर गटात जेवढं बोलणं झालं तेवढं अख्ख्या पुस्तकावर झालं नव्हतं.

ज्यांना हा उपक्रम करायचा आहे त्यांनी बाकी काही नाही केलं तरी चालेल, हे तीन धागे मात्र पहिल्या दिवसापासून बांधावेत. आमचे पाच आठवडे एकाच तारखेवर गेले.

२१ जुलै

नकाशा. शाळेत लावतात तो १:४५ लाख प्रमाणाचा भारताचा नकाशा घेतला, म्हणजे एका सेंटीमीटरला ४५ किलोमीटर. वरसई ते झाशी सरळ रेषेत साधारण ९४० किलोमीटर, नकाशावर एकवीस सेंटीमीटर. वाट दाखवायला पुरेसा, पण वेढा दाखवायला निरुपयोगी. किल्ला, शहराचा कोट आणि वेशी सगळं एका ठिपक्यात जातं. म्हणून झाशीचा हाताने काढलेला आराखडा वेगळ्या कार्डावर, फक्त किल्ला आणि कोटाच्या आतलं शहर दाखवणारा. अंतरं मोजताना दोरा नकाशावर टाकला तर तो नेहमी कमी दाखवतो, कारण चालायची वाट घाट आणि नदीच्या उतारांनी वळते. कोसाची लांबी प्रांताप्रांताने बदलते, म्हणून कोसांचं किलोमीटर करायच्या फंदात पडलो नाही. ‘किती दिवस चालले’ हेच लिहिलं.

२८ जुलै

बुरशी. दोन जुन्या प्रतींच्या पाठीवर हिरवट पांढरी पूड दिसली. कपाट भिंतीला टेकलेलं होतं, हे कारण. कपाट दहा सेंटीमीटर पुढे ओढलं, पुस्तकं सैल ठेवली. बुरशीची पुस्तकं लगेच वेगळी केली, तोंडाला फडकं बांधून पडवीत नेऊन कोरड्या मऊ ब्रशने झाडली, पंख्याखाली उभी अर्धवट उघडी ठेवून दोन दिवस वाळवली. ओल्या फडक्याने पुसू नका, बुरशी कागदात मुरते. कडक उन्हातही नको, पुठ्ठा वाकतो आणि पाठीचा डिंक सुटतो. कपाटात एक किलो सिलिका जेल चार कापडी पुरचुंड्यांत ठेवलं. दाण्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर कोरडं करून परत, पण तो तवा पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही. डांबरगोळ्या कसरीला आवरतात, ओलाव्याला नाही.

४ आणि ११ ऑगस्ट

‘रणांगण’. छोटेखानी कादंबरी, दोन बैठकांत संपते, पण संपवायची घाई करू नये. युरोपातून निघालेली बोट, परतणारा नायक चक्रधर विध्वंस, आणि घरातून हाकललेले ज्यू प्रवासी. त्यांतली हर्टा. हिला मुंबईत उतरता येत नाही.

पट्टीचं प्रमाण बदलावं लागलं. इथे महिने नाहीत, दिवस आहेत. एका दिवसाला ३० सेंटीमीटर ठेवलं.

पहिल्या बैठकीत झालेली चूक : सगळे हर्टाकडे पुढच्या सहा वर्षांच्या माहितीसकट पाहत होते. छळछावण्या, मारलेली लाखो माणसं. चर्चा तिथेच गेली आणि पुस्तक बाजूला राहिलं. दुसऱ्या बैठकीच्या आधी पिवळा धागा सर्वांसमोर बांधला : छापलं १९३९. तोपर्यंत जे घडलेलं होतं तेवढ्याचीच कार्डं ठेवली. नोव्हेंबर १९३८ ची ती रात्र, जेव्हा जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली. ऑक्टोबर १९३८ पासून ज्यूंच्या पासपोर्टवर मारलेलं तांबडं ‘जे’ अक्षर. शांघायला उतरायला व्हिसा लागत नव्हता, म्हणून तिकडे वळलेल्या बोटी. पुढचं सगळं झाकलं. मग प्रश्न बदलला. ‘तिचं पुढे काय झालं असतं’ याऐवजी ‘या बोटीवर तिला काय ठाऊक होतं’. तांबडा, निळा, पिवळा तिन्ही धागे इथे बोटभर लांबीचे आहेत, एकमेकांना चिकटलेले. लेखकालाच पुढचं माहीत नाही. या कादंबरीचा दाह तिथून येतो.

बंदराच्या गावांत एक वेगळा फायदा मिळतो. धक्का, बोटीवर चढणं, उतरू न देणं, किनारा दिसत असताना लांब उभं राहणं, हे इथे कुणाला वर्णन करून सांगावं लागत नाही.

१८ आणि २५ ऑगस्ट

ॲन फ्रँकची डायरी. गटात दहावीच्या तीन मुली नव्याने आल्या. हजर पंधरा.

इथे नावांनी घोळ केला. डायरीत व्हॅन डान आणि डुसेल. एका वाचकाने आणलेल्या माहितीच्या कागदावर व्हॅन पेल्स आणि फेफर. लपलेली माणसं दहा की आठ, यावर वीस मिनिटं गेली. आठच. ॲनने पुस्तकासाठी नावं बदलली होती. प्रत्येक माणसाचं एक कार्ड करून पुढे डायरीतलं नाव, मागे खरं नाव लिहिलं की गुंता सुटतो.

दुसरी चूक मोठी. ‘रोजनिशी म्हणजे तिन्ही धागे एकाच दिवशी’, असं गृहीत धरून निळा धागा बांधलाच नव्हता. पण युद्धकाळातल्या रोजनिश्या आणि पत्रं जपून ठेवा, या २८ मार्च १९४४ च्या रेडिओवरच्या आवाहनानंतर ॲनने मे महिन्यापासून डायरी पुस्तकासाठी सुट्या कागदांवर पुन्हा लिहायला घेतली. १९४३ च्या जवळजवळ सगळ्या वर्षाच्या मूळ वह्या मिळालेल्याच नाहीत, त्या काळाचा पुनर्लिखित मजकूर तेवढा आहे. म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या मुलीची म्हणून वाचलेली काही पानं पंधराव्या वर्षीच्या लेखिकेने घडवलेली आहेत. त्यांतून वडिलांनी एक पाठ तयार केला आणि तो जून १९४७ ला डच भाषेत छापला गेला. १९४३ च्या सगळ्या कार्डांना मे १९४४ पर्यंत निळा धागा ओढल्यावर मुलींनी तीच पानं परत वाचायला मागितली. त्यांना त्या पानांतली कारागिरी दिसू लागली होती.

पट्टीवर शेवटचं कार्ड १ ऑगस्ट १९४४, शेवटची नोंद. चौथ्या ऑगस्टला अटक. त्या तीन दिवसांची जागा मोकळी ठेवली. बैठक तिथेच थांबवावी, लगेच पुढचं पुस्तक उघडू नये. या दिवशी आम्ही ‘पुढे काय’ म्हणून छावण्यांची माहिती सांगायला घेतली आणि एक मुलगी उठून बाहेर गेली. लहान वाचक असतील तर ती माहिती वेगळ्या दिवशी, आधी सांगून, आणि नको असेल त्याला न येण्याची मुभा देऊन. कुणालाही ‘तुमच्या घरात असं काही झालंय का’ असं गटात विचारायचं नाही, हा नियम त्या दिवसापासून केला. सांगायचं असेल तो आपणहून सांगतो.

१ ते २१ सप्टेंबर

बंद. ७ तारखेला गणपती. चाकरमानी घरी, गावात भजनं, कुणाला वेळ नाही. पट्ट्या गुंडाळून ठेवल्या. धागे न सोडता गुंडाळल्यामुळे सगळी लोकर गुंतली, सोडवायला एक पूर्ण दुपार गेली. गुंडाळण्याआधी धागे कापडाला दर हातभर टाके घालून पक्के करा.

२२ सप्टेंबर

सुट्टीत तीन घरांतून कागद आले : पहिल्या महायुद्धातलं एक पदक, दोन पत्रं, मनिऑर्डरीची पावती. कोकणातून मराठा पलटणींत मोठी भरती होत असे. मेसोपोटेमियात कूत इथे डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या वेढ्यात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. घरात पदक सापडलं तर ते पॉलिश करू नका. त्या युद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, घासून ती पुसट होते. तिरप्या उजेडात भिंगाने वाचा. पत्रांचा फोटो पांढऱ्या कागदावर, शेजारी पट्टी ठेवून, पाठपोट दोन्ही बाजूंनी. लॅमिनेशन अजिबात करू नका. एका घराने आधीच करून आणलं होतं, आत ओल अडकून शाई पसरलेली. आता ते उघडताही येत नाही.

फोटो काढून मूळ कागद त्याच दिवशी परत केले. वाचनालयात काही ठेवून घेतलं नाही.

२९ सप्टेंबर आणि ६ ऑक्टोबर

‘ग्लास पॅलेस’. दोघांनी इंग्रजीतून वाचायचं आणि बाकीच्यांना भागवार मराठीत सांगायचं. पहिली बैठक पूर्ण फसली. सांगताना प्रसंग येतात, नाती गळतात. ‘हा नील कुणाचा?’ हा प्रश्न सात वेळा आला.

उपाय, घराण्यांचं झाड आधी, गोष्ट नंतर. तीन खोडं. राजकुमार आणि डॉली, त्यांची मुलं नील आणि दिनू. सया जॉन, त्याचा मुलगा मॅथ्यू, त्याची मुलं ॲलिसन आणि टिमी. उमा डे, तिच्या भावाची जुळी अर्जुन आणि मंजू, आणि धाकटी बेला. नील-मंजूची मुलगी जया दोन खोडं जोडते. दिनूला बर्मी नावही आहे, तुन पे. ते कार्डाच्या मागे. झाड भिंतीवरच्या पट्टीवर नको, जमिनीवर पसरता येईल अशा जुन्या चादरीवर काढलं. पंधरा माणसं भोवती बसून पाहू शकतात.

इतिहास आणि कल्पना वेगळी दिसावी म्हणून कार्डाचा कोपरा कापला. सरळ कोपऱ्यांचं कार्ड म्हणजे घडलेलं : २९ नोव्हेंबर १८८५ ला बर्माच्या थिबा राजाची शरणागती, १८८६ ला रत्नागिरीत आणणं, डिसेंबर १९१६ ला तिथेच मृत्यू. कोपरा कापलेलं म्हणजे कादंबरीतलं. आठवणींच्या पुस्तकाला असा कोपरा लागत नाही, कादंबरीला लागतो. आणि कादंबरीचा निळा धागा इथे सर्वांत लांब, शंभर वर्षांच्या वर. २००० च्या पिवळ्या धाग्यासाठी दुसऱ्या पट्टीला दीड मीटर कापड शिवून जोडावं लागलं.

१३ ऑक्टोबर

रत्नागिरी, थिबा राजवाडा. अकरा जण, भाड्याची गाडी १२०० रुपये. पुस्तकातल्या खोल्या शोधायच्या तयारीने गेलो आणि अर्धा तास गोंधळलो. एक जण जिन्यावर उभा राहून डॉलीचा प्रसंग वाचू लागला, तेव्हा बरोबरच्या वाचकाने पट्टीची वही उघडली. कादंबरीतली रत्नागिरीची मुख्य पानं १९०५ च्या आसपासची. हा राजवाडा बांधून झाला १९१० च्या सुमारास. त्याआधीची सुमारे चोवीस वर्षं राजकुटुंब दुसऱ्या बंगल्यांत होतं. म्हणजे ज्या वाड्याला गाव त्याच्या नावाने ओळखतं, त्यात राजाने आयुष्याची शेवटची पाचसहा वर्षंच काढली. वर्षं मोजून निघालो असतो तर वाचनाची पानं आधीच बदलली असती. शेवटी वाचलं ते समोरच्या खाडीकडे पाहत, बंगल्यावरून बोटी पाहण्याचं वर्णन. ते कुठूनही खरं लागतं.

२० ऑक्टोबर

१९४२ ची बर्मातून पायी परतण्याची वाट. जगाच्या नकाशावर काही दिसेना, म्हणून ईशान्य भारत आणि बर्माचा वेगळा नकाशा. तीन वाटा तीन सुतळ्यांनी : आराकानातून चितगावकडे, तामू-पालेलवरून इंफाळला, आणि हुकाँग खोऱ्यातून लेडोला. पक्की कार्डं दोन : २३ डिसेंबर १९४१ चा रंगूनवरचा जपानी बॉम्बहल्ला, ८ मार्च १९४२ चा रंगूनचा पाडाव. मधल्या अडीच महिन्यांत कोण निघालं, कोण थांबलं, कोण कशासाठी थांबलं, हे कार्डांवर मांडलं की राजकुमारच्या कुटुंबाचा उशीर डोळ्यांना दिसतो. लाकडाचा माल अजून विकायचा आहे.

नील आणि मंजू या दोघांचे मृत्यू एकाच बैठकीत घेतले, ती चूक. मधे आठवडा जायला हवा होता. मंजूच्या पानांनंतर कुणी बोललं नाही, आणि दुसऱ्या भागाचं वाचन ऐकायला कुणाचं लक्ष नव्हतं.

२७ ऑक्टोबर

हिशेब. पुस्तकं ३४५०, मांजरपाट दहा मीटर ६५०, लोकर ९०, चिमटे चार डझन १६०, कार्डं २४०, वाया गेलेले कार्डशीट आणि डिंक १६०, नकाशे ४२०, सिलिका जेल ३००, गाडी १२००. एकूण ६६७० रुपये. जोडलेलं दीड मीटर कापड घरातल्या जुन्या पडद्याचं. बैठका सोळा व्हायच्या होत्या, झाल्या तेरा.

पट्ट्यांवरची १८६ कार्डं उतरवून क्रमांक घालून डब्यात भरली, डब्यात सिलिकाची एक पुरचुंडी. क्रमांक शिसपेन्सिलीने, मागच्या बाजूला, वरच्या उजव्या कोपऱ्यात. ‘घरी काय कळलं आहे’ या रकान्यात ‘काही नाही’ लिहिलेली कार्डं मोजली : ७१. ती वेगळ्या रबरबँडने बांधलेली नाहीत, आपापल्या क्रमातच आहेत. पट्ट्या, झाडाची चादर आणि डबा दुसऱ्या वाचनालयाला हवा असेल तर नेता येईल. पुस्तकं मात्र त्यांची त्यांना आणावी लागतील, आणि सुरुवात दिवाळीनंतर करावी, भात घरात आल्यावर.